न हलणारी रेघ

डोंबिवली (पूर्व),
१६ जानेवारी

चि. शुभदा हिला अनेक आशीर्वाद, असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. लिहून टाकले. घे, नाहीतर ठेव बाजूला.

पाकिटामागचा पत्ता वाचून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. माझा इलाज नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, घरचा जुना फोन काढून टाकलास, आणि अण्णांना आता फोनवरचं काही समजत नाही म्हणतात. डोंबिवलीहून ठाण्याला कोपरीत, तुमच्या घरी, यायला अर्धा तास पुरतो. पण आपल्या दोघींच्या मध्ये तीन वर्षं मालनमावशी बसली आहे. तुझ्याकडची खबर मला ती आणते, माझी तुला ती पोचवते. काल गुरुवार, म्हणजे ती आलीच. तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाली, आणि दारात चपला घालता घालता नेहमीचं वाक्य टाकून गेली, "अण्णांना तुझं नाव काढलेलं चालत नाही हो." तोंड गोड करून वर हे. तिळगूळ तसाच डब्यात आहे.

तुला राग का आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे तो पुन्हा कळवायची गरज नाही. तू नणंदेच्या मुलीच्या लग्नाला रत्नागिरीला होतीस. डॉक्टरांनी मला विचारलं, मशीनवर ठेवायचं का. आई शुद्धीत असताना मला म्हणाली होती, नळ्या लावू नका. मी नाही म्हटलं. ती दुपारी गेली, तू संध्याकाळी पोचलीस, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, "एक दिवस थांबवायची होतीस तिला. माझ्यासाठी." तेव्हा मी तुला उत्तर दिलं नाही. आता देते. ती तुझ्यासाठी थांबवून ठेवायची वस्तू नव्हती. मी त्या निर्णयावर तेव्हाही ठाम होते आणि आजही आहे.

हा वाद आपल्या दोघींचा. त्यात अण्णांना माझं नाव का चालू नये, हे मला तीन वर्षं समजलेलं नाही. आईचं म्हणणं त्यांनीही ऐकलं होतं. दवाखान्यात माझ्या शेजारी बसून मान त्यांनीच डोलावली होती. पण चालत नाही म्हणतात, तर नाही. ज्या घरात माझं नाव चालत नाही तिथे पाय घेऊन जायची मला हौस नव्हती. ताठा म्हण हवं तर. तो आपल्या दोघींना एकाच माणसाकडून मिळाला आहे.

मी हल्ली काय करते हे मावशीने तुला सांगितलं नसेल. निवृत्तीला वर्ष राहिलं आहे आणि मी कॉलेजच्या गच्चीवर मुलांबरोबर एका ताऱ्याच्या मागे लागले आहे. मृगाच्या पोटात घुसलेला बाण आठवतो? अण्णांनी खडवलीला नदीच्या वाळूत बसवून दाखवलेला? तू तेव्हा रडायला लागलीस, हरणाला दुखत असेल म्हणून. त्या बाणातले तीन तारे, त्यातला आधी उगवतो तो. पालिकेने आमच्या रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून पांढरे लावल्यापासून त्यांच्या पिवळ्या उजेडाची आमच्या यंत्रात भेसळ होत नाही. संध्याकाळी सात-साडेसातला सुरुवात करतो, जेवणाच्या वेळेला घरी.

एवढंच मागते. मला अण्णांना एकदा बघायचं आहे. ते ब्याऐंशीचे आहेत, विस्मृती वाढते आहे असं कानावर येतं. त्यांना मी नको असेन तर ते त्यांनी मला तोंडावर सांगावं. तेवढं ऐकायला मी येईन.

नीरजा
(हे नाव त्यांच्यासमोर कुणी काढणार नाही याची तू काळजी घेशीलच.)


डोंबिवली,
२ फेब्रुवारी

शुभदा,

उत्तर नाही. गुरुवारी मावशी आली. पत्राचं विचारलं तर म्हणाली, शुभा काही बोलली नाही बाई. मग तुझ्या नीलच्या नव्या नोकरीचं सांगितलं, तुझे गुडघे दुखतात ते सांगितलं, आणि चपला घालताना तेच. अण्णांना तुझं नाव काढलेलं चालत नाही.

आज तुला थोडं भौतिकशास्त्र शिकवणार आहे. तू दहावीनंतर त्यापासून पळालीस, पण आता बसून वाच. त्याच्यावर माझं बरंच काही अवलंबून आहे.

ताऱ्याचा उजेड यंत्रातून पसरवला की इंद्रधनुष्याची एक लांब पट्टी मिळते. तिला वर्णपट म्हणतात. त्या पट्टीत मधे मधे काळ्या रेघा असतात. त्या त्या जागचा उजेड वाटेत कुणीतरी गिळलेला असतो. कुठली रेघ हे बघून कुणी गिळला ते कळतं. ही रेघ हेलियमची, ही सोडियमची, अशी. हे झालं पुस्तकातलं.

माझ्या वर्गात सोनल म्हणून एक मुलगी आहे, टिटवाळ्याहून येते, अतिशय टापटिपीची. तिने महिनाभर या ताऱ्याच्या पट्ट्या घेतल्या आणि एकाखाली एक लावल्या. हेलियमची रेघ एका संध्याकाळी डावीकडे, दोन दिवसांनी मधे, मग उजवीकडे, अशी झोके घेत होती. शेजारच्या सोडियमच्या दोन रेघा मात्र सगळ्या पट्ट्यांत एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारख्या. सोनलने काय करावं? हेलियम जास्त सरकलेल्या पट्ट्या चुकलेल्या म्हणून काढून टाकल्या. मला म्हणाली, "मॅम, ही सोडियमची लाईन एकदम स्टेबल आहे, म्हणजे ती ताऱ्याची. ती दुसरी हलतेय, आपलाच काहीतरी लोचा झालाय."

मी तिला टाकलेल्या पट्ट्या कचऱ्यातून परत काढायला लावल्या. अगं, तो एक तारा नाहीच. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, सहा दिवसांच्या आत एक फेरी. तारा आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या रेघा एका बाजूला सरकतात, लांब जातो तेव्हा दुसऱ्या. म्हणजे जी रेघ झोके घेते तीच ताऱ्याची. तारा इतका हिंदकळत असताना जी जागची हलत नाही ती त्याची असूच शकत नाही. ती मधल्या वायूची. तारा आणि आपण यांच्या मध्ये थंड, विरळ वायू पसरलेला आहे. तो कुणाचाच नाही, पण येणाऱ्या प्रत्येक उजेडातून आपला वाटा कापून घेतो.

आणखी एक खूण आहे. मधल्या वायूची रेघ बारीक आणि धारदार असते, पटकन डोळ्यात भरते. अशा तापलेल्या, गरगर फिरणाऱ्या ताऱ्याची स्वतःची रेघ रुंद आणि उथळ. कधी कधी इतकी पसरट, की नवखा माणूस तिला रेघ समजतच नाही. पट्टी इथे जरा फिकी आहे म्हणतो आणि पुढे जातो.

हे सगळं फळ्यावर काढून दाखवत होते आणि माझा हात थांबला. मुलांना वाटलं, मॅमना चक्कर आली. मी खुर्चीत बसले.

शुभदा, मावशीने आणलेले निरोप मी मनातल्या मनात एकाखाली एक लावले. आईचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा, अण्णांना तुझं नाव चालत नाही. नील पास झाला, घरात पेढे, तेव्हाही चालत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये अण्णांना न्यूमोनिया झाला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आठवडाभर तोंडातून शब्द नाही असं मावशीच सांगत होती, आणि त्याच दमात, तुझं नाव चालत नाही. दिवाळीनंतर म्हणाली, अण्णा नीललासुद्धा ओळखत नाहीत, स्वतःचं आडनाव विचारलं तर गप्प बसतात. आणि चपला घालताना? तेच. तेच शब्द, तोच सूर.

ज्या माणसाला स्वतःचं आडनाव आठवत नाही त्याला माझ्या नावाचा राग तेवढा आठवतो? अण्णा बोलत होते, आजारी पडले, बरे झाले, विसरत गेले. सगळं हललं. ते एक वाक्य हललं नाही. मग ते अण्णांचं कसं? आणि ते तुझंही नसावं. तू बोलतेस तेव्हा चार गल्ल्या फिरून मुद्द्यावर येतेस, इतकं धारदार वाक्य तुला साधत नाही. याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा तुझं कौतुक करते.

हे मला तीन वर्षांत सुचलं नाही. पस्तीस वर्षं जे पोरांना शिकवलं ते स्वतःच्या दारात उभं राहिलं तेव्हा मी त्याच्या हातून तिळगूळ घेत होते.

उद्या टेंभी नाक्यावर जाते आहे, मावशीकडे.

नीरजा


डोंबिवली,
५ फेब्रुवारी

शुभा,

आज गुरुवार असून मावशी आली नाही. येणार नाही हे मला माहीत होतं.

मंगळवारी तिच्याकडे गेले तेव्हा ती डाळिंब्या सोलत बसली होती. भिजवलेल्या वालांची परात पुढ्यात. मीही बसले आणि सोलायला लागले. अर्ध्या तासात ती तुझ्याबद्दल बोलली, नीलबद्दल बोलली, जिन्यातल्या मांजरीबद्दल बोलली. मग मी विचारलं, अण्णा नक्की काय म्हणतात गं माझ्याबद्दल? कधी म्हणाले? ऑक्सिजनवर होते तेव्हा लिहून दाखवलं का?

तिने एक वाल सोलला, दुसरा सोलला. तिसरा तिच्या बोटांतून सटकून फरशीवर गेला. मग म्हणाली,

"अण्णांना काय कळतंय आता. मला चालत नाही तुझं नाव. माझी बहीण होती ती. तुम्ही दोघी भांडलात, नळ्या लावायच्या का नाही. मी बाहेर बाकड्यावर बसलेली. मला कुणी विचारलं?"

मी म्हटलं, मावशी, तू हे माझ्या तोंडावर म्हणायचंस. अण्णांच्या तोंडात का घातलंस? ती म्हणाली, माझं कोण ऐकतं, अण्णांचं म्हटलं की तू ऐकतेस. खरं आहे तिचं. मी ऐकलं.

मी तिला विचारलं, शुभाला माहीत होतं का, तू मला काय सांगतेस ते? म्हणाली, "तिला काय विचारायचं? मी निघताना म्हणायची, नीरजाकडे जातेय, काही सांगायचंय का. ती कधी काही बोलली नाही."

मला तिचा भयंकर राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम येणं हे फार वाईट असतं. दवाखान्यातलं ते बाकडं मला आठवतं. ती त्यावर पदर तोंडाला लावून बसली होती आणि आम्ही सगळे तिच्यावरून ये-जा करत होतो. पण म्हणून तिने माझी तीन वर्षं घ्यावीत? उठताना तिने मला डाळिंब्यांचा डबा दिला. मी घेतला. उसळ आज केली, मीठ जास्त पडलं.

तर शुभा, हे पत्र वेगळं आहे. मी तुझ्या नावावर जे जे काळं मांडलं होतं ते पुसते आहे. ते मधल्या वायूचं होतं. ते वजा केलं की तुझी पट्टी स्वच्छ निघते. तू रागावलीस, बोलणं टाकलंस, ते तुझं. आई गेलेल्या मुलीला तेवढा हक्क असतो. पण अण्णांना माझ्यापासून तोडलं ते तू नव्हेस. दोन दिवस मी हे स्वतःशी म्हणते आहे आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं आहे. लहानपणी तू हरणासाठी रडायचीस. अशी मुलगी असं करणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

पंधरा तारखेला रविवारी येते. कुणाकरवी निरोप नको. हो किंवा नाही, तू स्वतः कळव.

तुझी ताई


डोंबिवली,
९ मार्च

शुभदा,

तू मला अनब्लॉक केलंस आणि एका ओळीचा मेसेज केलास, "ये, चारनंतर, अण्णा उठलेले असतात." तो मेसेज मी किती वेळा वाचला ते सांगणार नाही. मी आले. तेव्हापासून चार रविवार येते आहे. तू दार उघडतेस, चहा करतेस, गुडघ्यांचं सांगतेस. समोर बसून बोलायचं ते पत्रात का लिहितेस, असं तू विचारशील. कारण समोर मला हे बोलता येणार नाही, माझा आवाज चढेल आणि अण्णा घाबरतील.

पहिल्या रविवारी अण्णा खिडकीपाशी खुर्चीत होते. हाताची बोटं चादरीच्या काठावरून पट्टी धरल्यासारखी सरळ फिरत होती. नोकरीत आयुष्यभर नकाशे काढले, ते बोटांत राहिलं आहे. तू म्हणालीस, "अण्णा, पाहुण्या आल्यात." मला खटकलं. मग मनाला समजावलं की त्यांना धक्का बसू नये म्हणून म्हणाली असेल. मी पुढे जाऊन म्हटलं, अण्णा, मी नीरजा. ते हसले, आपण कुणा परक्या बाईकडे बघून हसतो तसं. म्हणाले, "नाही हो, तिचे केस लांब आहेत." माझे केस आखूड होऊन पंचवीस वर्षं झाली. मी त्यांचा हात धरून बसले. हात ओळखीचा होता.

तेव्हाही मी रडले नाही. घरी येऊन सोनलच्या पट्ट्या तपासल्या. पोरीने नियम आता इतका पाठ केला आहे की एका पट्टीत दिसणारी हेलियमची रेघ तिने रेघ म्हणून मांडलीच नव्हती. रुंद होती, उथळ होती, तिला वाटलं, पट्टी तिथे जरा फिकी आहे. मी लाल पेनने गोल केला आणि लिहिलं, बारीक सापडली म्हणून रुंद शोधायचं सोडू नये.

काल तू स्वयंपाकघरात होतीस. कुकर उघडत होतीस, वाफेचा आवाज येत होता. अण्णा माझ्याकडे बघत होते, मी त्यांना संत्र्याची फोड सोलून देत होते. फोड तोंडात घालता घालता ते दाराकडे वळले आणि मोठ्याने, अगदी स्वच्छ म्हणाले,

"नीरजा आली का?"

आणि तू आतून, कुकरवरून मानही न वळवता, म्हणालीस,

"उद्या येईल हां, अण्णा."

"बरं," म्हणाले ते, आणि फोड खाल्ली.

मी समोर बसले होते, शुभदा. माझ्या हातात संत्रं होतं.

तू पदराला हात पुशीत बाहेर आलीस. तुझा चेहरा पडला नाही. म्हणजे आपण काय बोललो हे तुझ्या कानापर्यंत गेलंच नव्हतं. रोजचं वाक्य ऐकू येत नाही माणसाला. तू मला विचारलंस, चहात साखर घालू का. मी हो म्हटलं. मी चहात साखर घेत नाही.

नील मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. मी त्याला विचारलं, आजोबा हे रोज विचारतात? तो म्हणाला, "रोज, मावशी. आजी गेली तेव्हापासून. आधी तर दिवसातून चार-पाच वेळा विचारायचे. आई सांगते, उद्या येईल, मग शांत होतात." चांगला मुलगा आहे. त्याला आपण काही भयंकर सांगतो आहोत असं वाटलंच नाही. घरातला रिवाज सांगावा तसं सांगितलं.

तेव्हा मला मावशीचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. ती कधी काही बोलली नाही. ते मी तुझ्या बाजूने वाचलं होतं. मावशी निघताना दर गुरुवारी तुझ्या दारात विचारायची, नीरजाला काही सांगायचंय का. आत अण्णा विचारत असायचे, नीरजा आली का. दोन्ही प्रश्न एकाच घरात, एकाच संध्याकाळी, तुझ्याच कानांवर. आणि तू मावशीला काही सांगितलं नाहीस, आणि अण्णांना सांगितलंस, उद्या.

मावशीने खोटं बोलून मला अडवलं. ते धारदार होतं म्हणून मला सापडलं. तुझं मऊ होतं, प्रेमळ होतं, तीन वर्षांवर पसरलेलं होतं. त्यात कुठे काळं दिसलं नाही. मी त्याला तुझा स्वभाव समजले. आणि तुझी पट्टी स्वच्छ निघाली म्हणून तुला पत्र लिहून कळवलंसुद्धा. ते पत्र तू वाचलंस, दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं असेलच, आणि तू म्हणाली असशील, उद्या येईल हां. मी येणारच होते, तर ते खरं होत होतं म्हणून तरी तुझी जीभ अडखळली का गं?

तू त्या संध्याकाळी म्हणाली होतीस, एक दिवस थांबवायची होतीस तिला माझ्यासाठी. मी नाही थांबवली. आणि तू अण्णांना माझ्यासाठी तीन वर्षं थांबवून ठेवलंस, रोज एक दिवस. त्यातला बराच काळ त्यांना मी ओळखू आले असते. मला आता खात्री आहे: आधी ते मला ओळखत होते म्हणून विचारत होते. आता ओळखत नाहीत तरी विचारतात. नील गेला, आडनाव गेलं, माझे केससुद्धा पंचवीस वर्षं मागे गेले, आणि तो प्रश्न जागचा हलला नाही.

मी मुलांना शिकवते की जे हलत नाही ते ताऱ्याचं नाही, मधलं आहे. चूक नाही ते. अण्णांचा तो प्रश्न आता त्यांचाही राहिला नाही आणि माझ्यापर्यंतही पोचत नाही. तो आमच्या दोघांच्या मधे आहे. तिथे तू त्याला ठेवलंस.

मी भांडायला येणार नाही. मावशीला काही सांगू नकोस, तिला तिचं पुरे आहे. रविवारी चारला मी येईन, नेहमीसारखी. चहा कर किंवा करू नकोस. अण्णा विचारतील तेव्हा तू आतच राहा आणि काही बोलू नकोस. इतकी वर्षं तुला ते छान जमलं आहे.

उत्तर मी देईन. ते मानणार नाहीत, मला ठाऊक आहे. तरी दर वेळी मीच देईन. आली, अण्णा. आली आहे.

नीरजा